मुंबईत टॅप कार्ड घेऊन फिरताय? मग या चुका टाळा

मे महिना आणि लग्नसराई आली की आमच्या कुडाळकडून मुंबईला जाणारी माणसं वाढतात आणि मग मला फोन सुरू होतात, अरे मेट्रोचं गेट उघडत नाहीये काय करू. चुका दरवर्षी त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, निघायच्या आधी वाचा, गेटवर उभं राहून नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोबाईलवरून रिचार्ज केला की पैसे कार्डात आले असं समजणं. आपलं रुपेवालं एनसीएमसी कार्ड, म्हणजे मेट्रो-बसला टॅप करायचं, 2019 पासून आलेलं 'एक देश एक कार्ड', त्यात गेट जे पैसे कापतं ते कार्डाच्या चिपमध्ये लिहिलेले असतात. गेट तुमच्या बँकेला विचारायला जात नाही, म्हणून तर ते इतकं पटकन उघडतं. तुम्ही घरबसल्या पैसे भरता ते आधी नुसते सर्व्हरवर येऊन थांबतात, चिपवर चढवायला कार्ड स्टेशनच्या मशीनला किंवा काउंटरला लावावं लागतं, नाहीतर एनएफसीवाला, म्हणजे पाठीला टेकवलेलं कार्ड वाचू शकणारा फोन आणि त्या कार्डाचं ॲप हवं.

आमच्या वाडीतले एक काका तुतारी एक्स्प्रेसने निघाले, गाडीत बसल्या बसल्या नातवाकडून पाचशे भरून घेतले, मेसेज पण आला. सकाळी दादरला उतरून पुढे मेट्रोच्या गेटवर कार्ड लावलं तर शिल्लक कमी. परत लावलं, परत तेच. मागे ऑफिसला जाणाऱ्यांची ही रांग, हातात फणस आणि कोकमांची पिशवी, काकी बाजूला घामाघूम. तिथूनच मला फोन, "पैसे कापले गेले हत मां, मगे गेट कित्याक उघडना नाय?" मी सांगितलं काउंटरला जा, कार्ड अपडेट करून द्या म्हणा. पण नातवाने तेवढ्यात घाईघाईत अजून पाचशे मारलेले. अरे पहिलेच चढले नाहीत तर दुसरे कुठे जाणार! हा उतावळेपणा मला अजिबात पटत नाही, दोन मिनिटं थांबून स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचलं असतं तर काम झालं असतं. शेवटी काउंटरवर एका मिनिटात दोन्ही रकमा चढल्या.

मी स्वतः ऑनलाइन भरतच नाही. स्टेशनवर उतरलो की काउंटरला रोख देऊन कार्डात टाकून घेतो, शिल्लक किती ती विचारतो आणि मगच गेटकडे. आणि चिपमध्ये 2000 च्या वर बसत नाहीत हे पण लक्षात असू द्या.

दुसरी चूक, एका कार्डावर अख्खं कुटुंब. आत जाताना चिपवर लिहिलं जातं की हा माणूस आत गेला, बाहेर पडताना भाडं कापतात. मग तेच कार्ड मागे वहिनीला दिलं तर गेट तिला कसं सोडेल, त्याच्या हिशोबाने ती आधीच आत आहे. आणि काही हुशार लोक पुढच्याला चिकटून बाहेर पडतात, त्यांचं कार्ड पुढच्या वेळी आतच घेत नाही, मग कस्टमर केअरला उभे. असले शॉर्टकट मारूच नका. वर्षातून एकदा जाणारे चार-पाच जण असाल तर कार्डाच्या भानगडीत पडू नका, क्यूआर तिकीट काढा, व्हॉट्सॲपवरही मिळतं.

बाकी थोडक्यात. पाकिटात दोन-तीन कार्डं असतील तर टॅपचं कार्ड बाहेर काढूनच लावा. घासू नका, टेकवून धरा. रीडर उजव्या हाताला असतो, डाव्या बाजूला लावलंत तर शेजारचं गेट उघडतं. लोकलचं तिकीट वेगळंच काढायचं. बेस्टच्या टॅप-इन टॅप-आउटवाल्या बसमध्ये उतरताना टॅप विसरायचं नाही. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे म्हणून मेट्रोतही असेल असं धरू नका. मेट्रोच्या 2 अ आणि 7 लाईनवर 65 वरच्या ज्येष्ठांना 45 किंवा 60 फेऱ्यांच्या पासावर 25 टक्के सूट दिलेली आहे, पण त्याला मुंबई वन कार्ड (या मेट्रोचंच एनसीएमसी कार्ड) आणि वयाचा पुरावा लागतो.

आणि कार्डात लागेल तेवढेच पैसे ठेवा. गेटवर पिन लागत नाही, त्यामुळे हरवलं तर ज्याला सापडेल तो चिपमधले पैसे वापरू शकतो, बँकेला फोन करून ते परत येत नाहीत. गावी परतताना माझ्या कार्डात एखाद-दोन फेऱ्यांपुरतेच उरलेले असतात.