'सार्डॉनिक' शिकताना या चुका टाळा

'सार्डॉनिक' (sardonic) या इंग्रजी शब्दापुढे 'उपरोधिक' एवढं वाचून पुढच्या शब्दावर उडी मारणारे खूप भेटतात. घोळ तिथेच सुरू होतो, कारण 'सार्कास्टिक'समोरही त्यांनी हाच अर्थ लिहिलेला असतो.

सार्कास्टिक टोमणा कुणाला तरी मारलेला असतो. तासभर उशिरा आलेल्याला 'फार लवकर आलात!' म्हणतो, तसा. सार्डॉनिक माणसाला समोर कुणी लागतंच असं नाही. तो जगावर, नशिबावर, स्वतःच्या फजितीवरही कडवट हसतो. काही चांगलं घडेल अशी त्याची अपेक्षाच नसते. 'डोन्ट बी सार्कास्टिक' रोज ऐकू येतं, तिथे सार्डॉनिक घातलं तर कानाला खटकतं. हा शब्द बहुधा स्माइल, ग्रिन, ह्यूमर, रिमार्क यांच्या संगतीत दिसतो. म्हणून मी तो वहीत सुटा लिहूच देत नाही, 'अ सार्डॉनिक स्माइल' असा जोडीनेच लिहायला लावतो.

दुसरी चूक म्हणजे तो कौतुकाचा शब्द समजणं. माझ्या एका विद्यार्थ्याने निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोपाच्या कार्डावर लिहिलं, 'वुई विल मिस युअर सार्डॉनिक स्माइल.' कुठल्याशा अ‍ॅपने त्याला अर्थ सांगितला होता: विनोदी. साहेबांचं इंग्रजी पक्कं. त्यांनी कार्ड वाचलं, मिटलं आणि हसले. ते हसू मात्र शंभर टक्के सार्डॉनिक होतं. पोराला वाटलं, कार्ड आवडलं!

'सार्डीन माशासारखं तोंड' असल्या युक्त्या तर नकोतच. मासा लक्षात राहतो, अर्थ वाहून जातो. त्यापेक्षा खरी गोष्ट वाचा ना! प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या विसाव्या सर्गात भिकाऱ्याच्या वेशातल्या नायकावर, ओडिसियसवर, एक जण बैलाचा खूर भिरकावतो. ओडिसियस मान कलती करून खूर चुकवतो आणि मनातल्या मनात कडवट हसतो. त्या हसण्यासाठी होमरने वापरलेला शब्द म्हणजे आपल्या शब्दाचा पूर्वज. सार्डिनिया बेटावरची एक विषारी वनस्पती खाल्ली की चेहरा हसल्यासारखा वाकडा होऊन माणूस मरतो, हा प्राचीन समज त्याला पुढे चिकटला. धनुर्वातात चेहऱ्याचे स्नायू आखडून दिसणाऱ्या भेसूर हसूला डॉक्टर आजही 'रिसस सार्डॉनिकस' म्हणतात. एवढं वाचल्यावर निरोपाच्या कार्डाकडे हात जाईल?

उच्चारताना जोर 'डॉ'वर.

लेख, नाटक, व्यंगचित्र यांना बहुतेक वेळा 'सार्डॉनिक' नव्हे, 'सटायरिकल' (व्यंगात्मक) हवं असतं.

आणि 'सार्डॉनिक्स' हे रत्न आहे, 'सार्डॉनिक'चं अनेकवचन नव्हे.