बाहेरून सीआयसीएसला हाक मारायची तर

"जावातून सीआयसीएसचा प्रोग्रॅम कसा बोलवायचा?" मेनफ्रेमवर नवीन आलेली मुलं हे हमखास विचारतात. (सीआयसीएस म्हणजे मेनफ्रेमवर व्यवहार चालवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर.) मी उलट विचारतो, त्या प्रोग्रॅममध्ये सेंड मॅप, म्हणजे टर्मिनलवर पडदा पाठवणारी आज्ञा, आहे का?

सीआयसीएस १९६९ चं, ३२७० टर्मिनल १९७१ चं. चोवीस ओळी, ऐंशी रकाने. जुने कोबॉल प्रोग्रॅम त्या पडद्यासाठीच लिहिलेले असतात. मॅप (पडद्याची मांडणी) घे, तपास, हिशेब कर, मॅप पाठव, सगळं एकत्र कालवलेलं. ईसीआयने (बाहेरून प्रोग्रॅम बोलावायच्या इंटरफेसने) बोलावलं की तोच प्रोग्रॅम मिरर ट्रान्झॅक्शनखाली, म्हणजे बाहेरच्या कॉलच्या वतीने धावणाऱ्या ट्रान्झॅक्शनखाली, चालतो आणि तिथे टर्मिनलशी बोलायची मुभाच नसते.

मग आपल्या प्रोग्रॅमला ३२७० चं सोंग देऊन पडदे भरायला लावता येतं. ईपीआय हा इंटरफेस त्यासाठीच होता. पण कुणी मॅपवरची एक फील्ड हलवली की सोंग उघडं पडतं. माझं मत स्पष्ट आहे: हिशेबाचा भाग वेगळा काढा आणि त्याला कॉमएरिया (डेटा आत-बाहेर न्यायचा मेमरीचा तुकडा) द्या. सोंग फक्त सोर्स हरवला असेल तेव्हा. (हरवतो, खरंच.) कॉमएरियाची मर्यादा सुमारे ३२ केबी; त्यापुढे चॅनेल-कंटेनर, म्हणजे मोठा डेटा न्यायचे डबे. झेड-ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या बॅच जॉबमधून यायचं असेल तर ईएक्ससीआय हा इंटरफेस आहे.

नवख्यांचा खरा घाम निघतो तो कोड पेजमध्ये, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला आकडा या तक्त्यात. तिकडे मेनफ्रेमवर एब्सिडिक, इकडे जावाच्या बाजूला आस्की. नावं-पत्ते बदलून घ्यायचे असतात, पण कॉम्प-३ ला (पॅक्ड, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक बसवलेल्या आकड्यांना) हात लावायचा नसतो. १२३४५ हा आकडा पॅक्ड स्वरूपात १२ ३४ ५सी असा बसतो; शेवटचा सी म्हणजे अधिक चिन्ह. आस्की मजकूर समजून कुणी तो रूपांतरात घातला, तर ५सी म्हणजे बॅकस्लॅश ठरतो आणि एब्सिडिकच्या कोड पेज ०३७ मध्ये त्याचा ई० होतो. चिन्हाच्या जागी शून्य! कोबॉलने त्यावर बेरीज केली की एएसआरए, म्हणजे प्रोग्रॅम कोसळल्याचा कोड. दोष प्रोग्रॅमचा नसतो, पण फोन मेनफ्रेमवाल्यालाच येतो. म्हणून जावावाल्यांना कॉपीबुक (डेटाची रचना सांगणारी कोबॉलची फाइल) नुसती पाठवू नका, कुठली फील्ड मजकूर आणि कुठली बायनरी हे शेजारी बसून दाखवा.

सर्वांचे कॉल सीपीएमआय या आयत्या मिरर ट्रान्झॅक्शनवर सोडण्याऐवजी डीएफएचएमआयआरएस या मिरर प्रोग्रॅमकडे जाणारी स्वतःची मिरर ट्रान्झॅक्शन बनवून घ्या. सुरक्षेचे नियम वेगळे ठेवता येतात आणि सीईडीएक्स हा डीबगर लावल्यावर दुसऱ्याच कुणाचा कॉल अडकून बसत नाही. त्याआधी सीईसीआयवरून (टर्मिनलवर सीआयसीएसच्या आज्ञा चालवून पाहायच्या सोयीवरून) लिंक करून प्रोग्रॅम आतून धड चालतो ना, तेवढं पाहून घ्या.