पेसमेकरवाल्या माणसाला ऑपरेशन, एमआरआय नाहीतर शेकायला नेताना काय करायचं

आम्ही सोलापूरला अशोक चौकात राहतो, अण्णांना पेसमेकर बसवून चार वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात गुडघा धरला म्हणून शेकायला नेलं, पॅड बांधून झाले, मशीन चालू करणार एवढ्यात उकडतंय म्हणून अण्णांनी सदऱ्याची बटणं काढली आणि डाव्या खांद्याखालचा तो काडेपेटीएवढा उंचवटा मशीन लावणाऱ्या मुलीला दिसला. तिनं पटकन हात मागं घेतला. ती शॉर्टवेव्ह डायथर्मी होती, म्हणजे रेडिओलहरींनी आतून शेक देणारं मशीन, पेसमेकरवाल्याला ती अजिबात चालत नाही, पेसमेकरपासून हृदयात गेलेल्या तारेचं टोक तापून हृदयाचा स्नायू भाजू शकतो. आम्ही सांगितलंच नव्हतं.

तर पहिलं काम, कार्ड. मशीन बसवलं की कंपनीचं कार्ड मिळतं, त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि आत साधा पेसमेकर आहे का ठोके भलतेच बिघडले की शॉक देणारा आयसीडी, हे तोंडपाठ करा.

ऑपरेशन ठरलं की सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही त्याच दिवशी सांगा, टेबलावर घेतल्यावर नाही. कारण कॉटरी, म्हणजे विजेनं कापायचं आणि रक्त थांबवायचं हत्यार. पेसमेकर हृदयाची बारीकशी वीज ऐकत बसलेला असतो, कॉटरीचा करंट त्याला हृदयाचाच ठोका वाटतो आणि तो गप्प बसतो, आणि ज्याचं हृदय पूर्ण त्याच्यावरच चालतंय त्याचे ठोके तेवढा वेळ थांबू शकतात. आयसीडी तर नको तेव्हा शॉक देतो. बेंबीच्या वरचं ऑपरेशन असेल तर जास्त जपायचं. बायपोलर कॉटरीवर (तिचा करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहतो) भागेल का विचारा, नसेल तर करंट परत नेणारं अंगावरचं पॅड अशा जागी लावायला सांगा की करंट छातीवरून जाणार नाही.

ऑपरेशनच्या वेळी पेसमेकरवर मॅग्नेट ठेवतो म्हणाले तर नीट समजून घ्या. मॅग्नेट ठेवल्यावर बहुतेक पेसमेकर ठरलेल्या वेगानं ठोके देत राहतात, पण आयसीडीचा फक्त शॉक बंद होतो, त्याचं पेसिंग आहे तसंच राहतं. आणि प्रोग्रॅमरनं, म्हणजे बाहेरून सेटिंग बदलायच्या यंत्रानं, आयसीडीचा शॉक बंद केला असेल तर तो परत चालू केल्याशिवाय मॉनिटर काढू द्यायचा नाही, यात भीड धरू नका!

एमआरआयला पेसमेकरची डबी आणि तारा दोन्ही त्यात चालणाऱ्या लागतात, जुनी सुटी तार आत राहिली असेल तर तीही सांगा. बसवल्यावर साधारण 6 आठवडे थांबतात. स्कॅनआधी एमआरआय मोड लावायचा, नंतर काढायचा, त्यासाठी माणूस बोलवावा लागतो म्हणून अपॉइंटमेंट आधीच जुळवा. एक्सरे, सोनोग्राफी बिनधास्त करा. दुखण्यावर लावायचं टेन्स मशीन मात्र हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मोबाईल छातीपासून 15 सेंटीमीटर लांब ठेवायचा, नव्या काही फोनमध्ये तर मॅग्नेटच असतात. अण्णा ऐकेनात, शेवटी आईनं सगळ्या सदऱ्यांचा डावा खिसाच शिवून टाकला.