आधी दोन वर्षांनंतरचं बघा: कम्युनिटी कॉलेजला अर्ज करताना

"कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं आयटीआय का गं?" मोठ्या आत्याने विचारलं, तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं. आज कोणी विचारलं तर सांगते: अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीतली पहिली दोन वर्षं कमी खर्चात करायची जागा. तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं, पदवी त्या विद्यापीठाची. हातात थेट काम देणारे कोर्सही तिथे असतात, पण आपल्याकडून जाणारे बहुतेक जण जातात ते या ट्रान्स्फरसाठी.

मी सांगलीची. बारावी कॉमर्स, गणित घेऊन, ६८ टक्के. बाबांचं मार्केट यार्डात हळदीचं अडतीचं दुकान. सौद्याच्या दिवसांत मी शाळेतून थेट तिथेच जायची. राजापुरी हळदीचा एक ढीग एका भावाने जायचा आणि शेजारचा, मला तरी तसाच दिसणारा, दुसऱ्या भावाने. असं का, हे मला शिकायचं होतं. शेतमालाच्या बाजाराचं अर्थशास्त्र. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसी) डेव्हिस कॅम्पसला 'मॅनेजेरिअल इकॉनॉमिक्स' नावाची पदवी आहे आणि तो विभाग शेती आणि साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्राचा आहे, हे कळलं तेव्हा माझं ठरलं. पण यूसीची परदेशी विद्यार्थ्यांची नुसती फीच वर्षाला ५० हजार डॉलरच्या घरात. चार वर्षं ते आम्हाला झेपणारं नव्हतं. दोन वर्षं, ओढूनताणून, झेपलं असतं.

अमेरिकेत ही कॉलेजं नवी नाहीत. इलिनॉयमधलं जोलिएट १९०१ मध्ये सुरू झालं. एकट्या कॅलिफोर्नियात आज ११६ आहेत. तिथे १९६० मध्ये राज्याने उच्च शिक्षणाचा आराखडा केला, त्यातच कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जायची वाट आखून दिलेली होती. म्हणून ट्रान्स्फर करून येणाऱ्या मुलांकडे तिथे कोणी वेगळ्या नजरेने बघत नाही. फी परदेशी मुलांना बऱ्याच ठिकाणी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर पडते. स्थानिकांना क्वार्टरच्या (तिमाही टर्मच्या) एका युनिटला (कोर्स मोजायचं एकक) ३१ डॉलर, आपल्याला त्याच्या कितीतरी पट. हे माहीत असू द्या. 'कम्युनिटी कॉलेज म्हणजे जवळपास फुकट' हे वाक्य तिथल्या रहिवाशांसाठी आहे.

आता मला जे सगळ्यात आधी सांगायचंय ते. कॉलेजांच्या याद्या करत बसू नका. आधी दोन वर्षांनंतर कुठे आणि कोणत्या विषयाला जायचंय ते ठरवा, आणि तिथून मागे या.

असिस्ट डॉट ऑर्ग ही वेबसाइट उघडा. तुमचं कम्युनिटी कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि विषय निवडलात की दोन रकाने समोर येतात. एका बाजूला विद्यापीठाला हवा असलेला कोर्स, दुसऱ्या बाजूला तुमच्या कॉलेजातला त्याला चालणारा कोर्स. काही ओळींत उजवीकडे लिहिलेलं असतं की याला चालणारा कोर्स इथे नाही. ती ओळ महत्त्वाची. मी क्युपर्टिनोतल्या डी अँझा कॉलेजचं पान उघडलं, डेव्हिस निवडलं, छापून घेतलं आणि भिंतीला चिकटवलं. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र. कॉलेज ठरलं ते त्या कागदावरून. तोपर्यंत मी चुलतभावाच्या मित्राच्या सांगण्यावरून दुसऱ्याच राज्यातलं कॉलेज धरून बसले होते.

त्याच वेळी 'टॅग' समजून घ्या. ट्रान्स्फर अॅडमिशन गॅरंटी. यूसीचे सहा कॅम्पस ती देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. ठरलेले कोर्स, ठरलेला जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि वेळेत अर्ज, एवढं जमवलं तर प्रवेशाची हमी. एका वेळी एकाच कॅम्पसला टॅग करता येतो, आणि काही विषय त्यातून वगळलेले असतात, म्हणून आपल्या विषयाचं त्या वर्षीचं पत्रक स्वतः वाचा. परदेशी विद्यार्थ्यांनाही हे खुलं आहे, आणि आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. मला कळलं तेव्हा मी रात्री बाबांना उठवून सांगितलं होतं.

अर्ज तसा सोपा. एसएटी ही प्रवेशपरीक्षा लागत नाही. कॉलेजचा स्वतःचा ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि पैशांची कागदपत्रं. आयईएलटीएसला अनेक कॉलेजांत साडेपाच-सहा पुरतात. सप्टेंबरच्या टर्मसाठी मी जानेवारीत अर्ज केला. एवढा वेळ हाताशी ठेवाच.

दोन गोष्टींत मात्र लोक अडकतात. पहिली, नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. फॉर्ममध्ये अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे लिहा. आय-२० नावाचा जो कागद कॉलेज देतं, त्यावर तेच उतरतं आणि पुढे व्हिसा, बँक, सगळं त्यावरून चालतं.

दुसरी, पैसे. कॉलेजला एका वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो: फी, राहणं-खाणं, विमा, पुस्तकं. आणि तो हाताशी असलेला पैसा हवा. बचत खातं चालतं, एफडी चालते, मंजूर झालेलं कर्ज चालतं. शेताचं आणि दुकानाचं मूल्यांकन त्यात धरत नाहीत. आमचा बराचसा पैसा दुकानात फिरत होता, म्हणून बाबांनी आठ महिने आधीपासून एफडी करायला घेतल्या. ज्या शाखेतून शिलकेचं पत्र घेतलं त्यांनी पहिल्यांदा तारीख न घालता दिलं, दुसऱ्यांदा बाबांच्या नावातलं एक अक्षर चुकवलं. तिसरं पत्र घेऊन मी काउंटरवर उभी राहूनच ते ओळ न् ओळ वाचलं: खातेदाराचं नाव, तारीख, रक्कम रुपयांत आणि डॉलरमध्ये, सही, शिक्का. तुम्हीही तसंच वाचा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर असोसिएट डिग्रीला, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीला, ते देतात का, हे बँकेला आधीच विचारून ठेवा. आम्हाला दोन ठिकाणी नकार मिळाला होता.

आय-२० आला की त्यावरच्या एन पासून सुरू होणाऱ्या क्रमांकाने सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदींची यंत्रणा) ३५० डॉलर फी भरायची, पावती जपायची. मग डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, व्हिसाची १८५ डॉलर फी आणि दोन भेटी: एक ठसे-फोटोची, एक मुलाखतीची. माझ्या वेळी नसलेली एक गोष्ट आता आहे. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात, आणि डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली सगळी खाती लिहावी लागतात. बंद पडलेलंही विसरू नका.

मुलाखतीबद्दल सगळ्यात जास्त भीती घातली जाते. एका एजंटने मला सरळ सांगितलं होतं, "कम्युनिटी कॉलेजचं नाव घेतलं की व्हिसा होत नाही. महाग विद्यापीठ घे, मी करून देतो." नकार येतात हे खरं आहे. बहुतेक नकार २१४-बी या कलमाखाली असतात, म्हणजे शिक्षण संपवून तुम्ही परत याल हे समोरच्याला पटलं नाही. पण माझ्या मते मुलं अडकतात ती 'हेच कॉलेज का' याचं उत्तर आत तयार नसतं म्हणून. स्वस्त आहे एवढंच उत्तर पुरत नाही.

बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये माझी वेळ सकाळची होती. खिडकीपलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न तो विचारला. मी सांगितलं: दोन वर्षं डी अँझा, मग डेव्हिसला मॅनेजेरिअल इकॉनॉमिक्स, कोर्स कोणते घ्यायचे ती यादी सोबत आहे, चार वर्षांचा खर्चही मांडलाय. वडील काय करतात? हळदीचे अडते आहेत. त्या थांबल्या. अडत म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की शेतकऱ्याचा माल दुकानात उतरतो, सौदा निघतो, आम्ही मधे उभे असतो आणि कमिशन घेतो. भाव असा का ठरतो ते शिकून मला त्याच बाजारात काम करायचंय. हे मी पाठ केलेलं नव्हतं. दोन-तीन मिनिटांत संपलं. त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला. कागदांची फाइल उघडावीच लागली नाही, भिंतीवरून काढून नेलेली ती यादीसुद्धा.

पोचल्यावरचं थोडक्यात. टर्म सुरू व्हायच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी देशात शिरता येतं, त्याआधी नाही. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसतं. मला खोली बे एरियातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मिळाली, स्टीव्हन्स क्रीकवरून कॉलेजला जाणाऱ्या २३ नंबरच्या बसजवळ. आरोग्यविमा बहुतेक कॉलेजं सक्तीचा करतात. कॅम्पसवर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. बाहेर, ओळखीच्या दुकानात, रोखीत, कोणी कितीही आपुलकीने बोलावलं तरी जाऊ नका. त्या चार पैशांपायी स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून राहायची परवानगी, जातं आणि मग कोणी वाचवू शकत नाही. कोर्स सोडायचा झाला तरी आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसमध्ये जा, नंतर नाही.

माझी खरी चूक झाली ती युनिटच्या हिशोबात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर राहायला टर्मला किमान १२ युनिट लागतात, आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच धरतात. मी पहिल्या क्वार्टरला १२ च घेतले. नवीन देश, नवीन भाषा, हळू जाऊ म्हटलं. दुसऱ्यालाही १२. फेब्रुवारीत समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी पिवळ्या कागदावर तीन चौकोन काढले, प्रत्येकात १२ लिहिलं, खाली बेरीज ३६. मग बाजूला ४५ लिहून त्याभोवती गोल केला. टॅगचा अर्ज करायच्या आधीच्या उन्हाळ्यापर्यंत ४५ क्वार्टर युनिट पूर्ण झालेले लागतात. सरकारला १२ पुरतात, डेव्हिसला पुरत नव्हते. तिसऱ्या क्वार्टरला १५ घेतले आणि उरलेले सहा उन्हाळ्यात, घरी यायचं तिकीट रद्द करून. त्या वर्षी धाकट्या काकाचं लग्न होतं. म्हणून सांगते, पहिल्याच आठवड्यात समुपदेशकाची वेळ घ्या आणि दोन वर्षांचा आराखडा लेखी करून घ्या.

अभ्यास सोपा असेल असंही समजू नका. क्वार्टर १२ आठवड्यांचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा येऊन उभी राहते. पण शिक्षक भेटतात. कॅल्क्युलसच्या वर्गात माझ्या शेजारी दोन मुलांची आई बसायची, रात्रपाळी करून थेट वर्गात यायची. आम्ही दोघी सरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे वर्गाबाहेर भेटायच्या ठरलेल्या वेळी, दर आठवड्याला जायचो. पुण्याच्या कॉलेजात माझ्या मैत्रिणी दीडशे जणांच्या वर्गात मागे बसत होत्या, तेव्हा मला सर नावाने ओळखत होते.

टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये, आणि यूसीचा मुख्य अर्ज त्यानंतर, नोव्हेंबरअखेरच्या सुमारास मुदत संपते. टॅग केला तरी मुख्य अर्ज भरावाच लागतो. तो विसरला तर हमी उरत नाही. एकूण ९० क्वार्टर युनिट पूर्ण करून जायचं. प्रवेश मिळाला की आपलं सेव्हिसचं रेकॉर्ड जुन्या कॉलेजातून नव्या विद्यापीठाकडे सोडायला सांगायचं, त्याची तारीख दोन्ही ऑफिसांशी बोलून ठरवायची.

मला डेव्हिसचं पत्र आलं तेव्हा सांगलीत पहाट होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता परत मुंबईला मुलाखत का?" नाही. व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर कॉलेज बदललं तरी तोच चालतो. मधे घरी आलात तर परतताना नव्या विद्यापीठाचा आय-२० मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.