पडदा काळा झाला तरी लगेच पिन काढू नका

जूनच्या तोंडावर देवगडच्या सड्यावर गडगडायला लागलं की आपल्याकडे आधी टीव्हीची पिन निघते, मग फ्रिजची. आमच्या आंब्याच्या शेडमध्ये एकदा कॉम्प्युटरचीही निघाली. मी हायबरनेट दाबलं होतं, पडदा काळा झाला आणि मदतीला असलेल्या पोराला वाटलं, झाला बंद. दिवसभराच्या पेट्यांची नोंद गेली. चूक त्याची नव्हती. काम अजून चालू आहे, हे त्याला दिसेल असं समोर काहीच नव्हतं.

स्लीपमध्ये तुमचं काम रॅममध्येच, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत राहतं, म्हणून वीज तुटली की ते गेलं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं आणि मगच मशीन बंद होतं. वीज जाण्याची धास्ती असेल तिथे हायबरनेटच वापरा. पण डिस्कवर उतरायला वेळ लागतो, जुन्या हार्ड डिस्कवर जरा जास्तच. विंडोज एक्सपीमध्ये तेवढा वेळ पडद्यावर पट्टी सरकताना दिसायची. आता पडदा आधीच काळा होतो, म्हणून सूचना आपणच लावायची.

आधी कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा. डावीकडच्या ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’वर क्लिक करा, वरची ‘चेंज सेटिंग्ज’ची ओळ दाबा आणि खाली हायबरनेटवर टिक करा.

मग कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहा: ‘आता पडदा काळा होईल. दिवा विझेपर्यंत पिन काढू नका.’ मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि जेपीजी फाइल म्हणून डेस्कटॉपवर ठेवा. नाव इंग्रजी अक्षरांत ‘थांबा’, मध्ये जागा न सोडता.

आता नोटपॅडमध्ये तीन ओळी, सगळ्या इंग्रजी अक्षरांत. पहिलीत ‘स्टार्ट’, जागा सोडून फोटोचं नाव, टिंब आणि जेपीजी. दुसरीत ‘टाइमआउट’, जागा, तिरकी रेघ आणि टी, पुन्हा जागा आणि १०. तिसरीत ‘शटडाउन’, जागा, तिरकी रेघ आणि एच. सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा, नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘बॅट’ लिहा आणि फाइल डेस्कटॉपवरच ठेवा. यापुढे तिच्यावर डबल क्लिक केलं की १० सेकंद सूचना दिसेल, मग हायबरनेट सुरू होईल.

दिवा कुठला, हे मात्र दाखवून ठेवायला हवं. कॅबिनेटवरच्या पॉवरच्या दिव्याशेजारी लाल टेपचा बाण चिकटवा. थिंकपॅड असेल तर झाकणावरचा लाल ठिपका बघा: झोपायला जाताना तो भराभर लुकलुकतो, स्लीपमध्ये संथ आणि हायबरनेट पुरं झालं की विझतो.

आभाळ मोकळं असताना एकदा करून बघा. नोटपॅडमध्ये ‘५ डझनी, ४० पेट्या’ असं काहीतरी लिहा, सेव्ह करू नका, फाइल चालवा. दिवा विझला, पंखा थांबला की पिन काढा. पाच मिनिटांनी लावून मशीन सुरू करा. त्या ४० पेट्या पडद्यावर तशाच दिसल्या, की शेडमधल्या सगळ्यांना बोलावून तो बाण दाखवा.