मोळी पडण्याआधी: जुना ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या

दसरा झाला की साखर कारखान्यांच्या मोळीपूजनाचे (गाळप सुरू करताना उसाच्या पहिल्या मोळीची पूजा) फलक लागतात आणि शेडमधले वीस-पंचवीस वर्षांचे ट्रॅक्टर धुऊन बाहेर निघतात. बहुतेक जण तयारी इंजिनापासून सुरू करतात: ऑइल, फिल्टर, नोजल. इंजिन शेवटी बघितलं तरी चालतं. ते बिघडलं तर एक खेप बुडते. ब्रेक, पिन किंवा स्टिअरिंगने दगा दिला तर माणूस जातो.

म्हणून आधी ब्रेक. मागच्या प्रत्येक चाकाच्या ब्रेकचं पेडल वेगळं असतं; डाव्या आणि उजव्या पेडलची मोकळी चाल सारखी करून घ्या. मग दोन्ही पेडल पट्टीने जोडा, ट्रॉली न लावता सपाट मातीच्या रानात ताशी दहा-बारा किलोमीटरने जाऊन ब्रेक एकदम दाबा आणि उतरून मागे बघा. मागच्या दोन्ही चाकांचे फरफटल्याचे पट्टे सारख्या लांबीचे दिसले पाहिजेत. एक आखूड असेल तर त्या बाजूचं अ‍ॅक्सलचं ऑइल सील तपासा. जुन्या ड्राय (तेलात न बुडलेल्या) ब्रेकच्या लायनिंगवर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या थरावर, गिअर ऑइल उतरलं की ते डिझेलने धुऊन किंवा पॉलिश पेपरने घासून पुन्हा नीट धरत नाही. सील आणि लायनिंग दोन्ही बदलावं लागतं. नुसतं आवळून घेतलं तर चार दिवस बरं वाटतं, एवढंच. शेतात वळताना सुटी केलेली पट्टी डांबरीवर चढण्याआधी परत लावायची. ती सुटी राहिली तर घाईत एकच पेडल दाबलं जातं, एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो.

ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतातच. म्हणजे उतारावर सगळं ओझं मागून ट्रॅक्टरला ढकलतं. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना, आणि तो माथ्यावर थांबून घालायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा हिशेब आहे. जुन्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर सहज पाडणारी रचना) नसतो. वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही, दात नुसते करकरतात. मग हातात राहतात ते दोन ब्रेक. उतारावर क्लच दाबून ठेवला तरी तेच होतं.

आता ट्रॉली जोडायची पिन. सळईचा तुकडा वाकवून पिन म्हणून घालणं बंद करा. पिन काढून पुसा आणि बोट फिरवून बघा; मध्ये कंबर पडली, म्हणजे झिजून बारीक झाली असेल तर ती बाद. ट्रॉलीच्या दांडीचं भोक लांबट झालं असेल तर वेल्डिंगने भरून पुन्हा गोल करून घ्या, कारण सैल भोकात पिन प्रत्येक खड्ड्याला उडी मारते. खालून लॉक हवाच, खिळा नव्हे. दोन्ही जोडांना, म्हणजे ट्रॅक्टर ते पहिली आणि पहिली ते दुसरी ट्रॉली, पिनशिवाय एकेक साखळी वेगळी लावा.

ट्रॉली फक्त खालच्या हूकला. टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांडीच्या) जागी किंवा अ‍ॅक्सलच्या वर काहीही ओढायला बांधलं की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागच्या चाकाभोवतीच उलटा फिरतो. पूर्ण उलटायला जेमतेम दीड सेकंद लागतो, क्लचवर पाय जाईपर्यंत खेळ संपलेला असतो. उसाच्या फडात चाक रुतलं की पुढे लाकूड घालून टायरला बांधायची पद्धत आहे, तिनेही हेच होतं: चाक अडकतं, पण इंजिनाला फिरायचं असतं, म्हणून अख्खा ट्रॅक्टर चाकाभोवती फिरतो. आधी ट्रॉली सोडा, चाकामागची माती काढा, रिव्हर्समध्ये बाहेर या. नाहीच निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा. तेव्हा दोराच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही.

पुढची चाकं जमिनीला किती दाबून आहेत ते कारखान्याच्या वजनकाट्यावर कळतं. भरलेली ट्रॉली जोडलेली असताना फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. एकट्या ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा तिथे दिसला पाहिजे. दोन टनांचा ट्रॅक्टर असेल तर चारशे किलो. कमी भरलं तर पुढे वेट लावा, किंवा पहिल्या ट्रॉलीच्या पुढच्या भागातला ऊस कमी करा. स्टिअरिंग अचानक हलकं लागायला लागलं तर पॉवर आली असं समजू नये.

पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं तर हबचं बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन) झिजलेली; आडवं हलवून खडखडलं तर टाय रॉडचा (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांडीचा) बॉल. स्टिअरिंगचा रिकामा फेर इंच-दीड इंचाच्या वर गेला की बॉल बदला.

ट्रॉलीच्या चाकाला ट्रकची डिस्क आणि लॉक रिंग (टायर डिस्कवर धरून ठेवणारी लोखंडी कडी) असेल तर पंक्चर काढल्यावर हवा भरताना रिंग उडू शकते, आणि समोर जे असेल ते तोडते. रिंग खाचेत सगळीकडून बसली का बघा, चाकाला साखळी गुंडाळा, लांब पाइपने बाजूला उभं राहून भरा. लष्कराच्या लिलावातून आलेला शक्तिमान ट्रक ओढकामाला ठेवला असेल तर त्याच्या चाकांनाही हाच नियम. शिवाय अशा बऱ्याच गाड्यांचं वायरिंग २४ व्होल्टचं असतं. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी उतरली म्हणून तिथून थेट वायर जोडू नका, बॅटरी फुटू शकते.

इंजिनाचं थोडक्यात. ऑइल थंड असताना सपाटीवर, एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल खुणेपर्यंत, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून अर्धा इंच. रेडिएटरच्या जाळीतलं पाचट (उसाची वाळलेली पानं) रोज काढा, सायलेन्सरजवळचं आधी, ते पेटतं. डिझेल फिल्टर बदलल्यावर हँड पंप मारत बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. नोजलची नळी गळते का ते पुठ्ठा धरून बघा, हाताने कधीच नाही. ती धार कातडीत शिरते. आणि स्टार्टरला पाना टेकवून खाली उभ्यानेच सुरू करण्याची सवय मोडा. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर मागचं चाक अंगावरून जातं, कारण पाना न्यूट्रलचा स्विच चुकवून थेट करंट देतो. स्विच दुरुस्त करा, पाना पेटीत ठेवा.

मडगार्डवर कोणी बसणार नाही, ऊस भरल्यावर वर ऊसतोड टोळीतलं कोणी चढणार नाही, हे मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगा. गाण्यांचा डेक रस्त्यावर बंद. मागून हॉर्न वाजवणारा ऐकू आला पाहिजे.

लाल दिवा आणि रिफ्लेक्टर ऊस भरल्यावर तपासायचे, आधी नव्हे, कारण लोंबणारे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) नेमके त्यांनाच झाकतात. दोन्ही ट्रॉल्यांच्या मागे आणि बाजूंना ते दिसले पाहिजेत. चाकाखाली टेकवायला दगड नकोत, लाकडी ठोकळे करून घ्या. दगड तिथेच पडून राहतो आणि रात्री दुचाकीवाल्याला आडवा येतो. ठोकळ्याला दोरी मारून ती ट्रॉलीच्या चेसीला बांधली की विसरला तरी तो मागे फरफटत येतो.