कढीपत्त्यावरची अळी राहू द्या

बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर लगेच पुसू नका. ती बहुधा ‘कॉमन मॉरमॉन’सारख्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि धक्का लागला तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर अवयव बाहेर काढते, उग्र वासासकट. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ‘ब्लू मॉरमॉन’सुद्धा लिंबाच्याच जातीच्या झाडांवर अंडी घालतं.

शक्य असेल तर दोन कुंड्या ठेवा: एक फोडणीसाठी, एक अळ्यांसाठी. फवारणी दोन्हींवर नको, अगदी कडुनिंबाच्या तेलाचीही नाही. रोप बोडकं झालं तरी घाबरू नका, मुळं धड असली की पुन्हा फुटतं. फुलपाखरांना मध मिळावा म्हणून शेजारी फुलझाड लावायचं असेल, तर घाणेरी (लँटाना) मात्र लावू नका, एक्झोरा लावा.